अठ्ठ्यांची जोडी

थापा मारायलासुद्धा अंगात ताकद लागते, हे कळायला मला साठी गाठावी लागली. ही हकीकत मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की ती गुळगुळीत झाली आहे. लग्नकार्यात सांगितली, आगगाडीत सांगितली, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना शेजारच्या अनोळखी बाईला सांगितली, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घातली. मंडळाच्या एका गणपतीत तर त्या एका डावावर आमचं घर, अण्णांची स्कूटर आणि माझं लग्न एवढं सगळं लागलं होतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकीने पदराने डोळे टिपले होते. आता गुडघे दुखतात, लांब बोललं की दम लागतो, आणि जास्तीचे राजे-राण्या पेलत नाहीत. म्हणून इथे जेवढं घडलं साधारण तेवढंच लिहिते. साधारण म्हणते, कारण कूलरच्या बाबतीत मला स्वतःचाच भरवसा नाही.

तर तो कूलर. जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या मधल्या खोलीच्या खिडकीत तो बसवलेला होता आणि त्याचा आवाज असा की शेजारच्या गेस्टहाऊसमधले पाहुणे गाडी सुटली समजून बॅगा घेऊन रस्त्यावर यायचे. स्टेशन जवळच, त्यामुळे खरी गाडी कोणती आणि आमचा कूलर कोणता हे ओळखण्यात त्यांची चूक नव्हती. मे महिन्यात दुपारी लू, म्हणजे तो भाजणारा वारा, सुटली की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीला नाही, सावलीच्या सावलीला जाऊन बसत. त्या वेळी आमचं अख्खं घर त्या एका खोलीत गोळा व्हायचं. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा ओला वास, फरशीवर अंथरलेली सतरंजी, आईने केलेली कैरीची डाळ, माठातलं ताक, आणि रविवार असला तर कोपऱ्यावरच्या हलवायाकडची कांद्याची कचोरी. अण्णा कचोरी फोडून तिच्यावर मिरजेहून आलेलं भडंग घालून खायचे. जयपूरच्या माणसांपुढे त्यांनी हे केलं असतं तर आमची बदली लगेच झाली असती.

अण्णा विमा कंपनीत होते. आग, चोरी, पूर, गाडीचा अपघात, यांत लोकांचं खरंच किती नुकसान झालं ते बघून यायचं त्यांचं काम. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या हकीकती ऐकून त्यांना खोट्याचा इतका वीट आला होता की घरी ते भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा पुराव्याशिवाय बोलत नसत. मी कोणावर गेले हे एक कोडंच आहे. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा, नवे शेजारी. घरात भांडण चालणार नाही, हा त्यांचा एकच कायदा होता. भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ असतात, आणि परक्या गावात लोकांना आपल्याबद्दल पहिली माहिती आपल्या भांडणातून मिळते, असं त्यांचं म्हणणं. मग भांडणं जायची कुठे? ती पत्त्यांत गेली. सुट्टीत कुठे जायचं, टीव्ही घ्यायचा की नाही, माझं कॉलेज कुठलं, या सगळ्याचा निकाल आमच्याकडे सतरंजीवर लागला. पूर्वी त्यासाठी रमी होती. दत्तूमामा आला आणि रमी गेली.

दत्तूमामा आईचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करायचा. वर्षातले काही महिने समुद्रावर, आणि सुट्टी मिळाली की सरळ आमच्याकडे जयपूरला, कारण जिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी पाणी दिसणार नाही अशी जागा त्याला हवी असायची. इंजिनखोलीत इतकं गरम असतं की जयपूरचा मे त्याला थंड हवेचं ठिकाण वाटतो, असं तो सांगे आणि दुसऱ्याच दिवशी कूलरसमोर उघडा पडून राही. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात जहाज अडकून पडलं असताना तो हा पोकर शिकून आला. बाकी जगाला हा खेळ माहीत होण्याच्या कितीतरी आधी तो बनी पार्कात मधल्या खोलीत चालत होता, हे मी शपथेवर सांगते, आणि यात भर घातलेली नाही.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, ती आपली आपण झाकून बघायची. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं उघडी मांडायची, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचा हात मोठा तो जिंकला. दर पायरीला लावायचं, किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं. यातलं लावणं आम्हाला पहिल्याच दिवशी आलं. टाकणं येईना. आम्ही चिंचोके लावून खेळत होतो, आणि चिंचोक्यांना कोण भितो? आई, अण्णा, मी, सगळे शेवटपर्यंत बसून राहायचे. मामा डोक्याला हात लावायचा. असला खेळ आपण जगात कुठल्याही बंदरात बघितला नाही, म्हणायचा, जिथे माणसाच्या हातात दुर्री-सत्ती असते आणि तो कलेक्टरसारखा बसलेला असतो. शेवटी त्याने युक्ती काढली. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे यायचं, आणि कोणी तरी उठून पिंप, माठ, कूलरची टाकी भरावी लागायची. मामाने जाहीर केलं की आजपासून एक चिंचोका म्हणजे पाण्याची एक पाळी. रविवारी हरलेल्याने आठवडाभर भरायची.

त्या दिवसापासून आमच्या घरात पानं टाकली जाऊ लागली. आणि टाकण्यात सगळ्यांच्या वर कोण निघालं, तर आई. ती पानं उचलायची, एक नजर टाकायची, आणि दुसऱ्या क्षणाला ती खाली ठेवून पुन्हा लसूण सोलायला लागायची. चेहऱ्यावर काही नाही. दहा डाव टाकायची आणि अकराव्याला बसायची, आणि ती बसली की मामासकट सगळे पटापट उठायचे. त्या उन्हाळ्यात तिने एकदाही नळाखाली बादली धरली नाही. मी मात्र इतकं हरले की माझ्या हिशेबाने आजही माझ्याकडे काही पाळ्या बाकी असतील.

मी हरायचे ते मुख्यतः मधल्या जोड्यांवर. सत्त्यांची जोडी, अठ्ठ्यांची जोडी, नव्व्यांची जोडी. हातात सुरुवातीलाच जोडी आली की माणूस हरखतो. मग मध्ये तीन पानं उघडतात, त्यात राजा असतो, राणी असते, आणि आपली जोडी तीच असते पण आता ती पहिल्यासारखी राहिलेली नसते. समोरचा लावतो. मधल्या राजाशी जोडी जुळवणारा राजा त्याच्याकडे असेल का? असेल. नसेलही. टाकावं तर जीव होत नाही, कारण जोडी आहे ना हातात. न टाकावं तर पहाटेचं पिंप दिसतं. मामाने मला हे समजावलं ते त्याच्या जहाजाच्या भाषेत. तो म्हणाला, अठ्ठ्यांची जोडी म्हणजे थर्ड इंजिनियर. कॅप्टनच्या टेबलावर जेवायला बोलावलं तर बसायचं, तेवढा आपला हक्क आहे. पण मोठे साहेब येऊन बसायला लागले की मुकाट्याने ताट उचलायचं आणि खाली जायचं. तिथे तुझी जागा गेली. तिसरी अठ्ठी मध्ये आली तर गोष्ट वेगळी, पण ती येत नाही, शोभे, ती येईल म्हणून बसलेली माणसं मी पगार हरताना बघितली आहेत. मला हे कळायचं आणि तरी मी बसून राहायचे. आई न शिकवता टाकायची. तुला वाईट नाही वाटत का, म्हणून मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, त्यात काय वाईट वाटायचं, दुसरी येतील की पानं.

माझा मुलगा आता फोनवर हाच खेळ खेळतो. पानं दिसतात न दिसतात तोच अंगठ्याने उडवतो. मी शेजारी बसून बघते आणि दमते. एवढ्या लवकर टाकलं तर त्या पानांशी ओळख कधी व्हायची, असं मनात येतं, पण बोलत नाही. तो म्हणेल, आई, मतलब, पत्तेच तर आहेत.

त्याच वर्षी आईच्या आयुष्यात सीतापुरा आलं. ती वसाहत तेव्हा नवी वसत होती, कारखाने उठत होते, आणि परदेशी जाणारे कुर्ते शिवणाऱ्या एका कारखान्याला माल तपासायला नजर असलेली बाई हवी होती. शेजारच्या मीनाजींचा भाऊ तिथे होता. त्याने सहज आमच्या घरी विषय काढला, आणि आईने सहज त्याच्या स्वतःच्या शर्टाचा उलटा लागलेला खिसा दाखवला. दुसऱ्या आठवड्यात ती बसने सीतापुऱ्याला जायला लागली. पन्नाशीला टेकलेली, दहावी शिकलेली, बदलीच्या गावोगावी फक्त डबे भरलेली बाई. आधी तिला भीती वाटायची. मग बसमधल्या बायका तिची जागा धरून ठेवू लागल्या. मग कारखान्यात तिला सगळे ताईजी म्हणायला लागले, आणि तिने बाजूला काढलेला कुर्ता मालकसुद्धा परत पेटीत घालत नाही, असं मीनाजींनी आम्हाला येऊन सांगितलं. आई स्वतः काही सांगायची नाही. संध्याकाळी यायची, पदराला चिकटलेले दोरे एकेक करून काढायची आणि कणीक मळायला बसायची. पण तिची चाल बदलली होती. गल्लीच्या तोंडाशी ती वळली की मला तिच्या चपलांच्या आवाजावरून दिवस कसा गेला ते कळायचं.

आणि अण्णांची निवृत्ती आली. मिरजेत थोरल्या काकांनी स्वतःच्या शेजारचा दोन खोल्यांचा ब्लॉक अण्णांसाठी धरून ठेवला होता. अण्णा तीस-पस्तीस वर्षं मिरजेला जायचं म्हणूनच जगत होते. गोरखपूरला असताना मिरज, इंदूरला असताना मिरज, इथे भडंगाचा डबा उघडला की मिरज. काका हे त्यांचे भाऊ कमी आणि देव जास्त. दुसरीकडे जयपुरातच, सीकर रोडच्या बाजूला मुरलीपुऱ्यात एक प्लॉट निघाला होता. अण्णांच्याच कचेरीतल्या कोणी तरी सुचवला होता, आणि प्लॉटवाले शर्माजी रोज संध्याकाळी चहाला येऊन म्हणायचे, साहबजी, ऐसी जगह फिर नहीं मिलेगी. अण्णा त्यांना चहा द्यायचे आणि विचार करतो म्हणायचे. ते विचार करत नव्हते, ते फक्त नाही म्हणायला संकोचत होते. आम्ही सगळे मिरजेलाच जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

आईला मिरज म्हणजे काय होतं हे अण्णांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बघितलं नव्हतं, एवढंच. तिथे ती धाकटी होती. थोरल्या जाऊबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या घरात चहाची पातेली कुठली घ्यायची हेसुद्धा त्या सांगायच्या, आणि आई केस पांढरे झाल्यावरही विचारून घ्यायची. सुट्टीत आम्ही मिरजेला गेलो की आईचा आवाज अर्धा व्हायचा. आता तिथे कायमचं जायचं. पण विषय निघाला की ती म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. हे वाक्य तिने लग्न झाल्यापासून इतकं वापरलं होतं की त्याला काही अर्थ असतो हे घरात कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

तो रविवार. काकांना होय-नाही कळवायचं होतं, शर्माजींनाही दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. जेवणं झाली. बाहेर लू अशी की खिडकीच्या ताट्या कडकड वाळत होत्या आणि मी त्यांच्यावर पाणी मारत होते. अण्णा विड्याचं पान जमवत म्हणाले, मग कळवून टाकू ना मिरजेला? नेहमीचं उत्तर येईल म्हणून कोणी वरसुद्धा बघितलं नाही. आई उठली, फडताळातून चिंचोक्यांचा डबा घेऊन आली, आणि सतरंजीवर ठेवला.

"डाव लावूया की," ती म्हणाली.

अण्णांना वाटलं चेष्टा आहे. मामाला वाटलं नाही. तो अंगात बनियन घालून सावरून बसला. घराच्या कायद्याप्रमाणे डाव लावायला कोणीही म्हणू शकत होतं, इतकी वर्षं आईने म्हटलं नव्हतं एवढंच. अण्णा हसायचे थांबले. मुरलीपुरा का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि ते आमच्याकडे होत नव्हतं. मामाने डबा दोघांत निम्मा-निम्मा वाटला. आईकडे सगळे चिंचोके आले तर मुरलीपुरा, अण्णांकडे गेले तर मिरज. मामा पानं वाटणार. मी आईच्या बाजूला, कारण आई पानं नीट झाकत नसे आणि मला तिची दिसायची.

सुरुवातीला ती नेहमीसारखी खेळली. पानं बघायची, टाकायची. अण्णा थोडे जिंकायचे, ती थोडे जिंकायची. अण्णांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. त्यांच्याकडे काही असल्याशिवाय ते लावत नसत, आणि लावायच्या आधी चिंचोके एका रांगेत सरळ करत. खोटं लावणं त्यांच्या हातून होतच नसे. मामा म्हणायचा, दाजी, तुमच्याबरोबर खेळणं म्हणजे पत्ते उघडे ठेवून खेळणं. आईला तर त्यांच्या रांगेतल्या चिंचोक्यांवरून जोडी कशाची आहे तेही कळायचं, असा माझा संशय होता.

मग मामाने पानं वाटली आणि आईने तिची उचलली. अठ्ठ्यांची जोडी. इस्पिकची एक आणि बदामची एक. आईने पाच चिंचोके लावले, अण्णांनीही पाच टाकले. मामाने मधली तीन पानं उघडली. चौकटचा राजा, किलवरची नव्वी, बदामची दुर्री. अण्णांचा हात चिंचोक्यांकडे गेला. त्यांनी ते रांगेत लावले, बोटाने एक वाकडा होता तो सरळ केला, आणि रांग पुढे सरकवली.

राजा होता. अण्णांकडे राजा होता हे मला कळलं, मामाला कळलं, आणि आईला तर आमच्या दोघांच्या आधी कळलं. मी मनातल्या मनात तिला ताट उचलायला सांगत होते. थोडेच चिंचोके गेले होते, अजून दोन डाव, चार डाव, मोठी पानं येतील. दुसरी येतील की, हे तिचंच वाक्य. आईने पानं हातात धरली होती, अंगठा बदामच्या अठ्ठीवर. कूलर घरघरत होता. मी तिला पानं खाली ठेवताना इतक्यांदा बघितलं होतं की तिचा हात खाली जाणार तो मला आधीच दिसला. तो गेला नाही. तिने अण्णांच्या रांगेएवढे चिंचोके मोजून मध्ये टाकले.

मामाने चौथं पान उघडलं. राणी. माझ्या हिशेबाने आता कॅप्टनच्या टेबलावर बसायलाच जागा उरली नव्हती. अण्णांनी पुन्हा रांग केली, आधीपेक्षा लांब. या वेळी त्यांनी आईकडे बघितलं, आणि मला वाटतं ती टाकेल अशी सोय म्हणूनच एवढी मोठी रांग केली असावी. आईने टाकलं नाही. तेवढेच चिंचोके पुन्हा मध्ये. मामाच्या तोंडून हळूच, अक्का, असं निघालं, आणि तो गप्प झाला, कारण वाटणाऱ्याने बोलायचं नसतं. पाचवं पान चौकी. अण्णांनी उरलेले सगळे पुढे ढकलले, रांग न करता. आईने तिचे सगळे ढकलले. तिचा हात थरथरत नव्हता. थरथरत होता असं मी पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

अण्णांनी पानं उलटली. राजा आणि गुलाम. आईने अठ्ठ्या ठेवल्या.

मिरज झालं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन ताट्यांकडे जायला लागले, काही तरी करायला हवं म्हणून. मामा चिंचोके गोळा करायला वाकला. पण अण्णा त्या दोन अठ्ठ्यांकडे बघत बसले होते. त्यांनी एक उचलून बघितली, मागची बाजू बघितली, परत ठेवली, जशी ते जळलेल्या दुकानातली वस्तू उचलून बघत असतील.

"तुला कळलं होतं माझ्याकडे राजा आहे," ते म्हणाले.

"होय."

"पहिल्या तीन पानांतच कळलं होतं."

"होय की."

"मग टाकली का नाहीस?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, "टाकवेना."

एवढंच. अण्णांच्या तोंडात पान तसंच होतं, ते चावायचं ते विसरले होते. घरातल्या सगळ्यांत जास्त टाकणाऱ्या बाईला अठ्ठ्यांची जोडी टाकवली नव्हती, समोर राजा असताना, राणी आली तरी. विमा कंपनीतल्या माणसाला नुकसान बघायची सवय असते. पण ते त्याला कोणी तरी येऊन सांगावं लागतं, अर्ज करावा लागतो. आईने जन्मात अर्ज केला नव्हता. हा तिचा पहिला, आणि तो तिने हरून केला होता.

अण्णा उठले, छत्री घेतली आणि त्या उन्हात बाहेर पडले. मामाने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा तरी ठेवा म्हणाला, पण ते गेले. मिरजेला फोन लावायला गेले असणार, असं मी धरून चालले. आईने सतरंजी झटकली, घडी केली, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मूग भिजत घातले. मामा कूलरकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडला. त्या दुपारभरात त्याने जहाजावरची एकही गोष्ट सांगितली नाही, यावरून काय ते समजा.

अण्णा परत आले ते उन्हं कलल्यावर, चेहरा विटेसारखा लाल, डोळे बारीक. आईने ताक पुढे केलं. ते एका दमात प्याले आणि पेला हातातच धरून म्हणाले, "शर्माजी म्हणतात, तिथे बोअरला पाणी गोड आहे. पण आपण बघून घ्यावं. उद्या तुझी बस चुकवशील का? दोघं जाऊन येऊ."

आईने पेला त्यांच्या हातातून घेतला.

"बस कशाला चुकवू," ती म्हणाली. "रविवारी जाऊ."

ही गोष्ट मी इथे संपवते तेव्हा लोक खूश होतात. मी पण पुष्कळ वर्षं इथेच संपवत होते. अण्णांचं मन किती मोठं, आईची जिद्द किती. एकदा तर एका बाईंनी मला सांगितलं की हे ऐकून त्यांनी नवऱ्याला फोन केला. पण हे मी मुरलीपुऱ्यातल्या त्याच घरात बसून लिहिते आहे, शेजारी पत्रे कापायचा कारखाना आहे, सकाळपासून त्याचा आवाज, आणि थकलेल्या माणसाला गोष्ट लवकर संपवायची सोय नसते. ती घरातच राहत असते.

घर झालं. आई सीतापुऱ्याला जात राहिली, मुरलीपुऱ्याहून तिला दोन बस बदलाव्या लागायच्या, पण गेली, हात चालेनासे होईपर्यंत. अण्णा गच्चीवर बसून राहायचे. त्यांनी कधी कुरकूर केली नाही, पुराव्याशिवाय ते बोलत नसतच. मिरजेचा ब्लॉक दुसऱ्याने घेतला. मग एका सकाळी काका गेल्याचा फोन आला. अण्णा मिळेल त्या गाडीने निघाले, पण जयपूर ते मिरज हे अंतर काही कोणाच्या दुःखासाठी कमी होत नाही. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. राखसुद्धा नदीत गेली होती. आल्यावर ते म्हणाले, वहिनींनी विचारलं, शेजारी राहायला असतात तर? आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

मी तेव्हा माहेरी आलेली होते. आई स्वयंपाकघरात उभी होती, त्यांच्यासाठी मऊ भात टाकत होती. मी म्हटलं, आई, यात तुझं काही नाही, डाव तर अण्णांनी जिंकला होता, ठरवलं त्यांनीच. मला वाटलं होतं हे ऐकून तिला बरं वाटेल. आईने भातावर झाकण ठेवलं.

"मी जिंकले असते तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "मग ते मला निदान बोलू शकले असते."